चौल-रेवदंडा पायी कसे पाहावे: एका मोजणीदाराची रीत

अलिबागजवळच्या चौलला येणारी बहुतेक मंडळी दत्ताच्या डोंगरावर जातात, रामेश्वराच्या पुष्करणीपाशी थोडा वेळ बसतात, रेवदंड्याच्या तटाला टेकून फोटो काढतात आणि नागावला जेवून परततात. त्यात वावगे काही नाही. पण ज्या बंदरासाठी कोकणचे शिलाहार, अहमदनगरचे निजामशहा, गुजरातचे आरमार, इजिप्तचे सुलतान, पोर्तुगीज आणि शेवटी मराठे इतके जण झटले, ते एवढे कशासाठी झटले याचा पत्ता अशा फेरीत लागत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पडके चर्च पाहून माणूस हळहळतो आणि निघतो.

माझी नोकरी मोजणी खात्यात झाली. हद्दीचा वाद आला की आमची एक ठरलेली पद्धत असते. आधी दोन्ही बाजूंचे कागद वाचायचे, मग कोणाचेही न ऐकता जागेवर जाऊन न हलणाऱ्या खुणा धरायच्या, आणि लगतधारकांचे जबाब सगळ्यात शेवटी घ्यायचे. चौल मी तसेच पाहतो आणि पाहुण्यांनाही तसेच दाखवतो. तसे पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसते. चौलचे भांडण जमिनीचे नव्हतेच. ते कुंडलिका खाडीच्या तोंडाचे आणि त्या तोंडावर बसून घ्यायच्या जकातीचे होते. हे वाचून कळते, पण पटते ते खाडीच्या तोंडावरच्या कोर्लईच्या टेकाडावर उभे राहिल्यावर.

आधी तिथी बघा, मग सुट्टी

कॅलेंडरात रविवार शोधण्याआधी तिथी शोधा. आपल्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी नवाच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, ते सोडून द्या.

मला स्वतःला तृतीया-चतुर्थीचा दिवस सोयीचा वाटतो. सकाळी आठ-नवाला खाडी सुकलेली असते, उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो, त्यामुळे वाळूचे दांडे उघडे पडतात आणि खोल पाण्याची नस्त कुठून जाते ते वरून ओळखता येते. अष्टमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि खाडीचे तोंड काहीच बोलत नाही.

ऋतूचे म्हणाल तर दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत. पावसाळ्यात कोर्लईची वाट निसरडी होते आणि रेवदंड्याचा तट झाडोऱ्याखाली गडप होतो. शिवाय चौलचा जुना हंगामही हाच होता. १५१० च्या दशकात इथले वर्णन करणारा पोर्तुगीज दुआर्त बार्बोझा सांगतो, की गावात कायम राहणारे व्यापारी थोडे, पण डिसेंबर ते मार्चमध्ये मोठा बाजार भरतो. घाटावरून लादलेल्या बैलांचे तांडे येतात आणि एकेक माणूस वीस-तीस बैल हाकतो. पावसात जहाजे येत नसत, तेव्हा बाजारही नसे. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत गेलात तर निदान हवा तरी तीच मिळेल.

कागद: चार रकाने पुरेत

घरून निघण्याआधी एका फुलस्केपवर चार रकाने आखा: साल, सांगणारा, तो कोणाच्या बाजूचा, आणि तो नेमका कुठे उभा राहून सांगतो. चौथा रकाना लोक विसरतात. चौलच्या बाबतीत तोच महत्त्वाचा, कारण चौल हे एक गाव नाही. आतल्या बाजूला, खाडीच्या आडोशाला असलेले वरचे चौल आणि समुद्रालगतचे खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, अशी ती दोन गावे. १५८३ साली इथे आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच हेच लिहितो: एक गाव पोर्तुगिजांचे, दुसरे 'मूरां'चे, म्हणजे मुसलमानांचे. एखाद्या प्रवाशाने 'चौल' म्हटले तर कोणते, हे ठरवल्याशिवाय त्याचे वाक्य पुढे वापरू नका.

नावांचाही बंदोबस्त करून ठेवा, नाहीतर शोधताना हाती काही लागणार नाही. शिलाहारांच्या लेखात चेमुल्य, अरबांच्या लिखाणात सैमूर, आपल्या बखरी-कागदांत चेऊल. सगळे एकच.

साले जुळवायला दोन सोपे हिशेब पुरतात. शकात ७८ मिळवा की इसवी सन येतो. हिजरी सालाचे शंभरी तीन कमी करा आणि ६२२ मिळवा. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी सैमूरला आला ते हिजरी ३०४; त्यातून नऊ गेले २९५, अधिक ६२२, म्हणजे ९१६-१७.

या मसूदीपासूनच पहिली ओळ भरा. त्याच्या वेळी इथे झंझ नावाचा शिलाहार राजा होता, वर राष्ट्रकूटांची सत्ता. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती होती असे तो सांगतो: काही इथेच जन्मलेले, काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले. त्यांच्या तंट्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. राजा हिंदू, व्यापारी परदेशी मुसलमान, आणि मधे हा सोयीचा माणूस. जकात येत राहावी म्हणून केलेली ही व्यवस्था, असे माझे मत. दुसऱ्या कोणाला त्यात उदारपणा दिसेल. दोन्ही खरे असू शकते.

दुसरी ओळ खारेपाटणच्या ताम्रपटाची, शके १०१६. शिलाहार अनंतदेवाने आपल्या अमात्य भाभण श्रेष्ठी आणि त्याच्या भावाला जकातमाफी दिली. ती कुठे? त्यांची जहाजे स्थानक म्हणजे ठाणे, नागपूर, शूर्पारक म्हणजे सोपारा, आणि चेमुल्य या बंदरांत येतील तेव्हा. (हे नागपूर विदर्भातले नव्हे, कोकणातले.) ताम्रपटाची भाषा कितीही फुलोऱ्याची असो, मुद्दा जकातीचा आहे. माफी दिली याचा अर्थ बाकीच्यांकडून ती घेतली जात होती.

तिसरी ओळ अफनासी निकितिनची, आणि ती मला सगळ्यांत आवडते. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या आगेमागे, म्हणजे बहमनी अमलात, होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. या देशात घोडे निपजत नाहीत, हे त्याने ऐकले होते आणि ते खरेही होते. दख्खनच्या फौजांना लागणारे घोडे अरबस्तान-इराणकडून समुद्रानेच येत. घोड्यांना इथे वाटाणे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, हेही त्याने टिपून ठेवले. चौलहून तो पालीमार्गे जुन्नरला गेला. तिथल्या असदखानाने घोडाच काढून घेतला: मुसलमान हो, घोडाही देतो आणि हजार मोहराही, नाहीतर दोन्ही घेतो. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून घोडा परत मिळाला. एका घोड्यापायी एवढे रामायण झाले, तर असे गलबतभर घोडे ज्या बंदरात उतरत त्याची किंमत काय असेल, ते या एका हकिकतीवरून कळते. निकितिनचे स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. शाळा सुरू असेल तर आधी कार्यालयात विचारून मगच आत जा.

पुढच्या ओळी जागेवर भरू. सोबत १८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर मोबाईलवर उतरवून घ्या. ते मोफत मिळते. चौलवरचे प्रकरण लांबलचक आहे आणि लिहिणारा साहेब असल्याने पोर्तुगीज बाजू त्यात जरा जास्तच ऐकू येते, तेवढे ध्यानात ठेवून वाचा.

सुरुवात कोर्लईपासून, रेवदंड्यापासून नाही

अलिबागहून येणारा रस्ता तुम्हाला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशा क्रमाने आणतो. वाटेत थांबू नका. रेवदंड्याच्या किल्ल्यातून तसेच पुढे जा, पूल ओलांडून साळावला उतरा आणि मुरूडच्या रस्त्याने कोर्लई गाठा. दीपगृहाच्या बाजूने गडावर वाट जाते. चढण फार नाही, पण सावली अजिबात नाही, म्हणून सकाळीच. पाणी जवळ ठेवा.

हे टेकाड म्हणजे समुद्रात उत्तरेकडे घुसलेला एक अरुंद दांडा आहे. माथ्यावर इतकी कमी रुंदी, की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, दोन्ही मान वळवल्यावर दिसतात. आडव्या भिंती आणि दरवाजे घालून गडाचे कप्पे केले आहेत. पाण्याचे टाके आहे, चर्चचे अवशेष आहेत, पोर्तुगीज अक्षरांचे दगड आहेत. ते सगळे परतीच्या वाटेवर बघा. आधी थेट उत्तर टोकाकडे चला.

तिथे उभे राहिल्यावर समोर खाडीपल्याड रेवदंड्याच्या माडांची रांग आणि त्यातून वर आलेला मनोरा दिसेल. उजवीकडे पूल, त्यामागे कुंडलिका रोह्याकडे आत शिरते. डावीकडे अरबी समुद्र. आता घाई न करता पाण्याचा रंग बघा. सुकतीला वाळूचा भाग फिका दिसतो आणि खोल पाणी गडद. ती गडद पट्टी, म्हणजे नस्त, कुठल्या किनाऱ्याला लगटून जाते ते कागदावर काढा. एखादी बार्ज किंवा मासेमारीची होडी आत येत असेल तर उत्तमच. तांडेल कुठे वळतो ते पाहा. तो वळतो तिथेच पाचशे वर्षांपूर्वीचा नाखवाही वळत असणार, फार तर थोडा अलीकडे-पलीकडे. वाळू सरकते, पण टेकाड सरकत नाही. आमच्या भाषेत ही कायम खूण.

याच पाण्यात मार्च १५०८ ची लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा याचा मुलगा लोरेंसो कोचीनच्या व्यापारी गलबतांना सोबत करीत चौलला आला होता आणि खाडीत नांगर टाकून होता. त्याच्यावर इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आरमार घेऊन चालून आला, आणि दीवचा मलिक अयाज आपल्या हलक्या होड्यांसह त्याला येऊन मिळाला. पोर्तुगीज गलबते बाहेर पडू लागली तेव्हा लोरेंसोचे जहाज कोळ्यांनी जाळी बांधण्यासाठी खाडीत रोवलेल्या खांबांत अडकले. पुढे काय झाले ते ठाऊकच आहे: लोरेंसो मारला गेला. पोर्तुगीज इतिहासकार त्याच्या मरणाचे रसभरीत वर्णन करतात, तोफेच्या गोळ्याने मांडी फुटल्यावर तो डोलकाठीला टेकून हुकूम देत होता वगैरे. तुम्ही खांबांकडे बघा. डोल जाळी बांधायची पद्धत या किनाऱ्यावर आजही आहे. स्थानिक माणसाला विचारा की खांब कुठे रोवतात. तो सांगेल, जिथे सुकतीचा ओढा जोरात असतो तिथे. म्हणजे नेमके जहाजाच्या वाटेच्या कडेला.

इथे रकान्यांच्या कागदाचा उपयोग होतो. लढणारे कोण? पोर्तुगीज, मामलुक, गुजराती. त्या वेळी चौल कोणाचे? अहमदनगरच्या निजामशाहीचे. ज्याचे बंदर, तो या लढाईत नव्हताच! चौलच्या झगड्यात हे वारंवार दिसते. तोंडावरच्या पाण्यात परके भांडतात आणि आतल्या गावातला बाजार शक्यतो चालू राहतो.

मुलाचा सूड म्हणून आल्मेडाने डिसेंबर १५०८ मध्ये दाभोळ जाळले आणि ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवसमोर मामलुक-गुजराती आरमार बुडवले. त्यानंतर पोर्तुगीज चौलच्या तोंडावर पाय रोवू लागले. १५१६ मध्ये वखार आणि १५२१ मध्ये किल्ल्याची परवानगी. बुऱ्हाण निजामशहाने ती का दिली? घोड्यांसाठी. १५१० पासून गोवा पोर्तुगिजांकडे होते आणि घोड्यांचा व्यापार त्यांनी मुठीत धरला होता. चौलला घोडे उतरू द्या, मग किल्ला बांधा, असा तो सौदा.

पण किल्ला समोरच्या सपाट वाळूवर. हे टेकाड मोकळेच राहिले. दोघांनाही त्याची किंमत माहीत होती. १५५० च्या दशकात पोर्तुगिजांनी कोर्लई मागितली. निजामशहाने नकार देऊन स्वतःच बांधकामाची तयारी केली. शेवटी दोघांपैकी कोणीच तिथे तटबंदी करायची नाही, असे ठरले. आमच्याकडे याला 'जैसे थे' म्हणतात, आणि नोकरीभर मी पाहिले आहे की 'जैसे थे' आदेश फार दिवस टिकत नाही. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने गड बांधून तोफा चढवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगिजांनी हल्ला करून तो घेतला. निजामशाहीचा एक जखमी हत्ती दरवाजातच कोसळला आणि दरवाजा लावता आला नाही, अशी पोर्तुगीज हकिकत आहे. गडाच्या चढणीवरचे दरवाजे किती चिंचोळे आहेत ते पाहिलेत तर ती हकिकत अगदीच भाकड वाटत नाही.

टोकाची तटबंदी पार पाण्यापर्यंत उतरते. खाली उतरून बघा, म्हणजे तिथल्या तोफांचा रोख कुठे असेल ते कळेल. गडद पाण्याच्या पट्टीवर.

गावात परतल्यावर चहाला थांबा. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली एक वेगळीच बोली घरोघर बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. कानावर पडली तर ऐका. 'जरा बोलून दाखवा' असे मात्र कोणाला म्हणू नका. ती त्यांची घरची भाषा आहे, नमुना नाही.

रेवदंडा: तटाला कशाने तारीख लावायची

परत पूल ओलांडून रेवदंड्यात या. पहिल्यांदा बाहेरून, समुद्राच्या पुळणीवरून तट बघा. चतुर्थीला तीनची भरती असते, म्हणून बारा-साडेबाराच्या आत पुळणीवरचे काम उरका. पाणी तटाला लागू लागले की तिथून निघायचे.

आता एक प्रश्न मनात धरून आत शिरा: १५७० साली हा शहरकोट होता का? नव्हता. १५२१ च्या परवानगीने बांधलेला किल्ला छोटा होता. त्याभोवती घरे, मठ, चर्च पसरले होते आणि त्यांना कोट नव्हता. विजापूरचा अली आदिलशहा आणि अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा यांनी एकमताने उठाव केला. आदिलशहाने गोव्याला वेढा घालायचा, निजामशहाने चौलला, आणि मलबारात कालिकतच्या सामुरी राजाने पोर्तुगिजांना गुंतवून ठेवायचे. निजामशहाचा सरदार फऱ्हादखान पुढे आला आणि १५७०-७१ च्या हिवाळ्यात चौलभोवती फास आवळला. महिनोन् महिने घराघरांतून, मठांच्या भिंतीआडून लढाई चालली. चौल सोडून सगळे बळ गोव्याला आणावे, असा सल्ला व्हाइसरॉय लुईश द अताईद याला मिळाला होता; त्याने ऐकले नाही. समुद्राची वाट पोर्तुगिजांना खुली राहिली, मदत येत राहिली, आणि जुलै १५७१ मध्ये निजामशहाने तह केला.

वेढा का फसला? पोर्तुगीज म्हणतात, आमच्या शौर्याने. फारसी इतिहासकार फेरिश्ता, जो पुढे अहमदनगरच्या दरबारात वाढला आणि मग विजापूरला गेला, म्हणतो की निजामशाही सरदारांना पोर्तुगिजांनी भेटी देऊन फोडले, विशेषतः दारूच्या, आणि रसद आत जाऊ दिली गेली. दोन्ही जबाब शेजारी शेजारी लिहा. मग सकाळी कोर्लईवर काढलेला नकाशा उघडा. नस्त निजामशहाच्या हाती नव्हती, टेकाडावर तोफ नव्हती. जमिनीवरून कितीही तोफा लावल्या तरी पाण्याचे दार उघडेच. माझ्या मते दारूपेक्षा आणि शौर्यापेक्षा हे कारण वजनदार आहे. पुढे १५९४ मध्ये अहमदनगरकरांनी नेमके टेकाडच का बांधले, याचे उत्तरही त्यातच आहे.

शहराभोवतीचा मोठा कोट वेढ्यानंतरचा. म्हणून तट बघताना जुना चौकोनी किल्ला आणि नंतरचा कोट वेगळे ओळखायचा प्रयत्न करा. दगडाचा आकार, चुन्याचा थर, सांध्याची रेघ, बुरुजाचा कोन हे बघा. दरवाजांवर पोर्तुगालचे राजचिन्ह कोरलेले आहे. पाच छोट्या ढाली आणि भोवती किल्ले. डांबरी रस्ता आज तटातूनच आरपार जातो, त्यामुळे गाडीतून येणाऱ्याला आपण वेशीतून आत आलो हे कळतही नाही. उतरा आणि चालत आत या.

आतले चर्च, मठ, मनोरा सगळे वाड्यांमध्ये आहे. वाड्या खासगी आहेत. आगरात शिरण्याआधी हाक मारा, 'सातखणी बघायचा होता' म्हणा. कोणी नाही म्हणत नाही. सातखणी म्हणजे फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा, पूर्वी सात मजल्यांचा, आता वरचे ढासळलेले. खालून पाहावा. आत चढण्यासारखे काही नाही आणि माथ्यावरचे दगड सुटे आहेत. सुपाऱ्या वाळत घातलेल्या असतील तर त्यांच्यावरून चालू नका, एवढे सांगावे लागते.

बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, सिनेगॉगही रेवदंड्यात आहे. ते या कालखंडाचे नाही, पण कोणकोण या किनाऱ्याला लागले त्याची नोंद म्हणून दहा मिनिटे द्या.

वरचे चौल: दुपारनंतर

रेवदंड्याहून अलिबागच्या दिशेने निघालात की थोड्याच अंतरावर चौल. इथे पाहायचे सगळे विखुरलेले आहे, म्हणून लोक कंटाळतात. राजकोटाचे अवशेष, हमामखाना, जुन्या मशिदीचे खांब-कमानी, कलावंतिणीचा वाडा म्हणून दाखवतात ती पडकी वास्तू. हमामखान्यावर वेळ घाला. स्नानगृहासाठी एवढी घुमटी इमारत, पाणी आणायची व्यवस्था, हे गावात पैसा किती खेळत होता याचे माप आहे. रेशमाचे कापड आणि लाखकाम केलेल्या पेट्या यांसाठी चौलचे नाव सोळाव्या-सतराव्या शतकातले प्रवासी घेतात. ते कारागीर या वरच्या गावातले.

जकात इथे निजामशाहीची. मात्र जहाज इथवर यायचे तर पोर्तुगीज परवाना घेऊन, त्यांच्या तोफांखालून. दोन धनी आणि एक खाडी, असा हा संसार शंभर वर्षांवर चालला. १६३६ मध्ये निजामशाही संपली तेव्हा वरचे गाव आदिलशाहीकडे गेले, १६५७ च्या सुमारास शिवाजी महाराजांकडे. खालचे गाव पोर्तुगीजच राहिले. संभाजी महाराजांच्या फौजेने १६८३ मध्ये रेवदंड्याला वेढा घातला, तोही तटावरच अडला. वसई १७३९ मध्ये पडल्यावर मात्र पोर्तुगिजांना पर्याय उरला नाही आणि १७४० च्या तहाने रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आले. तोवर मुंबई वाढली होती आणि भांडण्यासारखी जकात चौलला उरली नव्हती.

रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी शांतपणे बघा, त्याला मार्गदर्शन लागत नाही. शेताच्या बांधावर खापऱ्या दिसतात, कधी चिनी मातीचे निळे-पांढरे तुकडेही. उचलू नका. फोटो काढा, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केले आहे आणि सातवाहनकाळापर्यंतचे थर दाखवले आहेत. खिशात गेलेल्या खापरीला थर उरत नाही.

उजेड उरला तर परतताना आक्षीचा शिलालेख बघा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शके ९३४ असे त्याचे एक वाचन आहे, दुसरे वाचन दोनशे वर्षांनी अलीकडे येते. दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि त्यांत ७८ मिळवून ठेवा.

घरी आल्यावर

नकाशा त्याच रात्री पक्का करा. उत्तर दिशेचा बाण, काढल्याची वेळ आणि तिथी लिहायला विसरू नका. तिथी नसेल तर नस्तीची रेघ पुढच्या माणसाला निरुपयोगी. त्यावर तीन रंगांनी खुणा करा: १५२१ चा किल्ला, १५७१ नंतरचा कोट, १५९४ ची कोर्लई. रकान्यांच्या कागदात जिथे दोन जबाब जुळत नाहीत तिथे खाडाखोड न करता दोन्ही ठेवा.

याच रीतीने पुढचे बंदर करायचे असेल तर दाभोळ करा. वाशिष्ठीच्या तोंडाशी दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड आहे. तिथून सुरुवात करा आणि दाभोळला नंतर जा. धोपाव्याहून फेरीबोट मिळते, गाडीही चढते.